फोनवरून फरशी

यमनाप्पा गावाला गेला, आई पडली म्हणून,
साडेतीन ओळी लावून.
थापी ठेवून गेला, लाकडी हातोडा, लाइनदोरी,
आणि पाण्याची नळी, जिच्या दोन्ही टोकांना
पाणी एकाच उंचीवर गप्प उभं राहतं.

उरल्या बेचाळीस शहाबादी,
माडाच्या बुंध्याला टेकवलेल्या,
पत्त्यांचा कॅट कुणी अर्धाच पिसून ठेवावा तशा.
खानावळ पाडव्याला उघडणार, असं मीच
मिठबावच्या तिठ्यावर बोर्ड लावून बसलेली.

पहिली उचलली तेव्हा कळलं
की दगड मी आजवर फक्त पायाने ओळखत होते.
ही एका कोपऱ्यात इंचभर, दुसऱ्यात दीड,
पोटाला खवले, पाठीवर निळसर मळभ.
दुकानातल्या टाइलला एक माप दिलं की झालं;
हिला विचारावं लागतं, तुला खालून किती हवंय.
माल पसरा, ठेवा, उचला, खरवडा, पुन्हा ठेवा.
भाकऱ्या थापणाऱ्या हातांना वाटलं होतं, जमेल.
भाकरी ऐकते.

नळीचं दुसरं टोक तेजलच्या हातात.
"पाणी हलता गो काकी."
"हलांदे. रवात मगे."
तिच्या पाठीमागे दार, दारात समुद्र,
तोही सकाळपासून लेव्हल मिळवत होता.

मग भिंतीला गुण्या लावला
आणि भिंत खोटी निघाली.
इकडे फरशी भिंतीला भिडते,
तिकडे दोन बोटं फट.
शहाण्णव साली भावकीतल्या जयवंताने
गडगा हलवू दिला नव्हता,
सासऱ्यांनी रागाने भिंतच तिरकी घेतली.
दोघंही गेले. दोन बोटं राहिली.
त्या मापाचे तुकडे कापले मी, लांब, निमुळते,
सुरमईच्या शेपटाकडचे असतात तसे,
आणि कोर्टात कधीच न गेलेला तो दावा
उकिडवं बसून सिमेंटमध्ये दाबला.

संध्याकाळी फोन केला. तो सेडमच्या दवाखान्यात.
"बोलून काय कळतंय, बाई. खाली ठेवा. ठोका."
मोबाइल फरशीवर ठेवला, हातोडा मारला.
ठक.
"पुढचा."
ठक.
"पुढचा."
ठप.
तो थांबला. मागे कुणाचं तरी खोकणं,
कन्नडमध्ये कुणाचं तरी नाव पुकारणं.
"हा पोकळ आहे. खाली हवा बसलाय. उचला."

दगडही तिकडचाच.
वाटलं, दोघं आपल्या भाषेत काहीतरी बोलले,
मला फक्त ठप ऐकू आलं.

उचलली. खाली तळहाताएवढी जागा कोरडी,
तिथे माल लागलाच नव्हता.
तशा तीन उचलल्या त्या रात्री.
मोरीजवळची राहिली,
नर्सने हाक मारली आणि फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी रिंग नुसती वाजत राहिली.
तिसऱ्या दिवशी त्याचाच आला.
"आई गेली," म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.
मग, "मोरीकडचा ठोकला का?"
"ठोकला," म्हटलं.
ठक की ठप, त्याने विचारलं नाही.

पाडव्याला चार टेबलं मांडली.
तिसरं डुगडुगतं. त्याच्या पायाखाली
फरशीच्याच पावतीची घडी आहे;
सोलकढीची वाटी तरी तिथे जरा कलते,
गिऱ्हाईक हाताने धरून पितं.
जमीन धुतली की पाणी सरळ मोरीकडे जातं,
ढाळ त्याने आखलेला, दहा फुटांत इंच.

पावसाआधी येतो म्हणालाय, उरलेल्या दरजा भरायला.
रोज रात्री झाडून झालं
की मोरीजवळच्या फरशीवर मी
झाडूचा दांडा उलटा करून मारते.
ठप.
"उचलूया, काकी?" तेजल विचारते,
थापी आता तिलाही धरता येते.
"रव," म्हणते मी.